वेणूचं कडं

"रक्त मोजकंच आहे," डॉ. नसरीन मुल्ला म्हणाल्या. "ते वाढवणं माझ्या हातात नाही. कुठे जास्त पाठवायचं आणि कुठे कमी, एवढंच आहे."

सानिका कारंडेच्या मांडीवर महिन्याची वेणू झोपली होती. छातीवरची टाक्यांची रेघ अंगड्याच्या गळ्यातून वर डोकावत होती. शेजारच्या खुर्चीत अथर्व बसला होता. तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून तो कामावरचा तसाच उठून आला होता आणि त्याच्या शर्टाला गंधकाचा वास येत होता. वेणू जन्मल्यापासून ती दोघं मिरजेच्या या बालहृदय केंद्रात जवळजवळ राहायलाच आली होती. पण इतके दिवस प्रश्न एकच होता, वाचेल का. आज पहिल्यांदाच दुसरा प्रश्न समोर आला होता.

वेणूच्या हृदयाचा डावा कप्पा तयारच झाला नव्हता. डॉक्टरांनी भिंतीवरच्या पडद्यावर चित्र काढून सगळं पुन्हा एकदा समजावलं. आईच्या पोटात असताना निरोगी बाळाचं हृदय मोठ्या शहाणपणानं वागतं. नाळेतून आलेलं, प्राणवायूनं भरलेलं ताजं रक्त ते आधी मेंदूकडे धाडतं, आणि वापरून झालेलं रक्त खालच्या अंगाकडे. वेणूच्या हृदयाला ही वाटणी जमलीच नाही. ताजं आणि वापरलेलं, सगळं एकाच कप्प्यात मिसळलं आणि मेंदूला महिनोन्‌महिने पाणी घातलेल्या दुधासारखं निःसत्त्व रक्त मिळत राहिलं.

"हा वेणूचा मेंदू," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हा तिच्याच वयाच्या दुसऱ्या बाळाचा. वळ्या बघा."

सानिकाला फरक दिसला. दुसऱ्या मेंदूवर अक्रोडासारख्या खोल घड्या होत्या. वेणूच्या मेंदूवर त्या नुसत्या चुणीसारख्या उमटल्या होत्या.

"दोष हृदयात आहे, पण मागे पडलाय मेंदू," डॉक्टर म्हणाल्या. "साधारण महिनाभरानं. हे अंतर भरून निघू शकतं, पण रक्त मिळालं तर. आणि तेही पहिल्या दोन-तीन वर्षांतच. मेंदूला तेव्हाच घाई असते. नंतर कितीही रक्त दिलं तरी तो ती वर्षं परत जगत नाही."

पहिल्या शस्त्रक्रियेत त्यांनी उजव्या कप्प्याला दोघांचं काम दिलं होतं. तो कप्पा मुळात शेजारच्या फुफ्फुसांपर्यंत रक्त ढकलण्यासाठी घडलेला; आता अख्ख्या शरीराचा भार त्याच्यावर होता. चार वर्षांच्या आसपास तो थकणार हे ठरलेलं होतं. तोवर पुण्याच्या प्रयोगशाळेत वेणूच्याच त्वचेच्या पेशींपासून डावा कप्पा वाढवला जाणार होता. अशा उगवलेल्या कप्प्यांवर मुलं आता शाळेत जात होती, सायकल चालवत होती. अट एकच होती. कप्पा एका मापापेक्षा लहान करता येत नव्हता, त्याच्या भिंती दाब सोसत नसत. दहा किलोंच्या आतल्या बाळाला तो बसवून पाहिला होता, तेव्हा एकही मूल वाचलं नव्हतं.

"आणि हे कडं," डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. पोटाकडे आणि पायांकडे उतरणाऱ्या मोठ्या धमनीभोवती एक बारीक धातूचं वेढं दिसत होतं. "पहिल्या शस्त्रक्रियेतच बसवलंय. बाहेरून चुंबकानं फिरवता येतं. घट्ट केलं तर खालचं रक्त अडतं आणि डोक्याकडे जास्त जातं. मेंदू भरतो, पण आतड्याला रक्त कमी पडतं, अन्न अंगी लागत नाही, वजन वाढत नाही. सैल केलं तर मूल अंग धरतं, लवकर दहा किलोंचं होतं. पण मेंदू मागे राहतो."

"किती मागे?" सानिकानं विचारलं.

"प्रत्येक मुलाचं वेगळं. काही चालतात, हसतात, ओळखतात, बोलत नाहीत."

"आधी जगू दे डॉक्टर," अथर्व म्हणाला. "बाकीचं नंतर बघू."

"नंतर बघता येत नाही असं त्या आत्ताच म्हणाल्या ना," सानिका म्हणाली.

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं. "मी तुमच्या जागी असते तर मधोमध ठेवलं असतं," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे आईवडील ठरवतात. नंतर बदलताही येतं."

त्या दिवशी कडं मधोमध ठेवलं गेलं.

सांगलीच्या फ्लॅटमध्ये वेणूचं पहिलं वर्ष दुधाच्या बाटलीशी झगडण्यात गेलं. इतर बाळं दूध पिताना शांत होतात. वेणूला ती मजुरी होती. चार घोट घेतले की कपाळावर घाम फुटायचा, ओठ जांभळट व्हायचे, आणि ती दमून डोळे मिटायची. श्वास घेण्यातच तिची अर्धी ताकद खर्च होत होती. वाढायला शिल्लक काय राहणार? सानिकानं शाळेतून लांबलचक रजा घेतली होती. ती पहिलीच्या वर्गाला शिकवायची. पाच-सहा वर्षांच्या मुलांची बडबड दिवसभर कानावर घ्यायची सवय असलेली ही बाई आता एका गप्प बाळासमोर तासन्‌तास बसून असायची. वेणूनं मान उशिरा धरली. ती खुळखुळ्याकडे बघायची, पण बघितल्यासारखं वाटायचं नाही. सानिका गाणं म्हणायची आणि ते पलीकडच्या भिंतीशी जाऊन थांबायचं.

तपासणीच्या एका दिवशी केंद्राच्या व्हरांड्यात तिला जतची एक बाई भेटली. तिच्या मुलाचं, समर्थचं, कडं पहिल्यापासून सैल होतं. तीन वर्षांचा गुटगुटीत मुलगा व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता.

"खातंय बघा भरपूर," ती बाई कौतुकानं म्हणाली. "पुढच्या महिन्यात आपरेशन हाय. डॉक्टरबाई म्हणल्या, छाती एकदम तयार झालीय."

"बोलतो का?"

"नाही ताई. पण मला ओळखतो. मी दिसले नाही की रडतो." एवढं सांगताना तिचा चेहरा खुलला होता.

धावता धावता समर्थ सानिकाच्या पुढ्यात येऊन थांबला. तिनं त्याला नाव विचारलं. तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला आणि मग पुन्हा पळाला. त्याच्या आईला जे दिसत होतं ते सानिकाला दिसलं नाही. तिला फक्त ती नजर दिसली. घरी येईपर्यंत तिचं ठरलं होतं.

"घट्ट करायचं," तिनं अथर्वला सांगितलं.

"वजन बघितलंस का तिचं? आत्ताच एवढीशी आहे."

"वजन पुढेही वाढेल. डोकं वाढणार नाही."

"सानिका, ती नाही बोलली तरी माझी मुलगीच आहे."

"आणि ती कोण आहे हे तिलाच कळलं नाही तर? आपण कुणासाठी जगवतोय तिला, तिच्यासाठी का आपल्यासाठी?"

हे भांडण आठवडाभर चाललं. अथर्वला बोलण्यात तिच्याशी कधीच टिकता आलं नव्हतं. शेवटी एका सकाळी डबा उचलता उचलता तो म्हणाला, "बरं. मी डॉक्टरांपुढे हो म्हणतो. पण हे तू ठरवलंयस. यापुढे मला विचारू नकोस."

चुंबक छातीपासून वीतभर अंतरावर धरून डॉ. मुल्लांनी कडं घट्ट केलं. पाच मिनिटांचं काम. वेणूला कळलंही नाही.

त्यानंतर जे झालं त्याची सानिकानंही कल्पना केली नव्हती. आधी वेणूचे डोळे जागे झाले. पंख्याकडे, दाराकडे, आईच्या ओठांकडे ती बघू लागली, आणि बघताना तिच्या कपाळावर बारीक आठी पडायची, जणू काही हिशेब जुळवतेय. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर ती शब्द बोलू लागली, आणि दोन वर्षांची होण्याआधी अख्खी वाक्यं. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाएवढं अंग, काडीसारखे पाय, आणि त्यातून येणारा तो स्पष्ट, किंचित खरखरीत आवाज. लिफ्टमध्ये शेजारी दचकून बघायचे.

अथर्वनं एकदा घरी बेदाणे आणले. वेणूनं एक हातात धरून उलटापालटा केला.

"हे द्राक्षाचे आजोबा आहेत का?"

अथर्व इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. त्या काळात तो रोज संध्याकाळी वेळेवर घरी यायचा. कडं घट्ट केलं ते बरं झालं, असं तो कधी म्हणाला नाही. पण जेवताना वेणूला मांडीवर घेऊन तो तिच्याशी तिच्याच भाषेत वाद घालायचा, आणि हरायचा. सानिका स्वयंपाकघरातून ते ऐकत उभी राहायची. आयुष्यात इतकी सुखी आपण कधी नव्हतो, असं तिला वाटायचं, आणि ते खरंही होतं.

वजनाचा काटा मात्र सात किलोंपाशी येऊन अडला होता.

"आता सैल करूया," डॉ. मुल्ला म्हणाल्या. वेणू अडीच वर्षांची होत होती. "मेंदूनं अंतर भरून काढलंय, थोडं पुढेच गेलाय. आता अंगाला रक्त हवं. उजवा कप्पा थोडा पसरायला लागलाय."

"सैल केल्यावर बोलणं मागे पडेल?"

"मंदावेल. काही शब्द जातीलही. पण पाया भक्कम झालाय. बरंचसं टिकेल असं मला वाटतं."

"वाटतं म्हणजे खात्री नाही."

"नाही," डॉक्टर म्हणाल्या.

सानिकानं दिवाळीपर्यंत मुदत मागितली. वेणू तेव्हा अक्षरं ओळखायला लागली होती, पाट्या वाचायची. दिवाळी झाल्यावर सानिका म्हणाली, वाढदिवस होऊ दे. डॉक्टरांनी दर वेळी आणखी स्पष्ट शब्दांत सांगितलं, आणि दर वेळी सानिका मान हलवून घरी आली. अथर्वनं विचारलं तर ती म्हणायची, "बोलणं चाललंय आमचं." तोही फार खोदून विचारत नसे. विचारायचं नाही, असं त्यानंच ठरवून घेतलं होतं.

वाढदिवसाच्या सुमारास सानिका तिला एक दिवस शाळेत घेऊन गेली. पहिलीची मुलं वेणूभोवती गोळा झाली. बाहुली बोलतेय, असं एक मुलगी म्हणाली. वेणूनं फळ्यावरचे चार शब्द वाचून दाखवले तेव्हा सगळी थक्क झाली.

परतीच्या वाटेवर रिक्षात वेणू मागे वळून शाळेकडे बघत होती.

"आई, ती मुलं एवढी मोठी कशी झाली?"

"जेवण करतात ना भरपूर."

"मी पण करते. माझं जेवण कुठे जातं?"

"डोक्यात जातं तुझ्या. म्हणून तर तुला एवढं सगळं येतं."

वेणूनं आपल्या पायांकडे पाहिलं. "मग थोडं पायात पाठव ना," ती म्हणाली. "मला उतरून चालायचंय."

सानिकानं पोरीला शालीत गुंडाळून घट्ट धरलं. पुढच्या तपासणीला सैल करूच, असं तिनं मनाशी म्हटलं. पण पुढच्या तपासणीच्या आधीच अथर्वला वेणूच्या पलंगात काहीतरी सापडलं.

बेदाण्याचा हंगाम सरला होता, अथर्वला दुपारची सुट्टी होती. त्यानं वेणूच्या पलंगाची चादर बदलायला घेतली. तिच्या कापडी बाहुलीच्या पोटाची शिवण उसवलेली होती. आत बोटं घातल्यावर हाताला वाळलेला भात लागला. मग पोळीचे तुकडे, केळ्याचे काळे पडलेले काप, चिकूचा लगदा. पलंगामागच्या फटीत आणखी होतं. अथर्वनं ते सगळं एका ताटात काढलं आणि ताट सानिकासमोर ठेवलं.

वेणू गादीवर बसून दोघांकडे बघत होती.

"हे तू लपवलंस?" अथर्वनं हळूच विचारलं.

"हो."

"का गं?"

"पोटात गेलं की दुखतं. बाहुलीच्या पोटात गेलं की दुखत नाही."

"किती दुखतं?"

वेणूनं विचार केला. "आतून कुणीतरी पीळ घालतं. मग मी शंभरपर्यंत आकडे म्हणते. कधी कधी दोनदा म्हणते."

सानिका खाली बसली. जेवण झाल्यावर वेणू डोळे मिटून पुटपुटत पडायची, ते तिनं किती वेळा पाहिलं होतं. आकडे म्हणतेय, हुशार आहे, असं म्हणून तिनं ते शेजारणींना दाखवलंही होतं.

"मला का नाही सांगितलंस, वेणू?"

"ताटली रिकामी झाली की तू शाब्बास म्हणतेस," वेणू म्हणाली. "म्हणून मी रिकामी करत होते."

डॉ. मुल्लांनी पोटाचं चित्र काढलं, हृदयाचं काढलं, आणि वेणूला नर्सबरोबर खेळायला पाठवून दार लावून घेतलं. फार वेळ रक्त न मिळाल्यानं आतड्याचा एक भाग वाळून गेला होता. उजवा कप्पा फुगून ढिला पडला होता. तो आता कितीही वाट मोकळी केली तरी पूर्वीसारखं रक्त ढकलू शकत नव्हता.

"दहा किलो आता होणार नाहीत," त्या म्हणाल्या. "एवढ्या लहान मुलाला दुसऱ्याचं हृदय मिळणं तर जवळजवळ अशक्यच. यादीत नाव घालते, पण तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

"किती दिवस?" अथर्वनं विचारलं.

"काही आठवडे. दोन-तीन महिने, फार तर."

"पहिल्यासारखं मधोमध ठेवलं असतं तर?" सानिका म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मधोमध ठेवलेली काही मुलं दहा किलोंपर्यंत पोचली. काही नाही पोचली. वेणू कुठल्यांत असती हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

"आणि दिवाळीत सैल केलं असतं तर?"

डॉक्टर बोलल्या नाहीत. त्यांनी खोटं बोलायचं टाळलं, हे सानिकाला कळलं.

"एक गोष्ट अजून ठरवायची आहे," थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाल्या. "कडं असंच घट्ट ठेवलं तर ती शेवटपर्यंत अशीच राहील. बोलेल, सगळं समजेल. पण दुखेलही. त्यावर औषध देता येतं, त्याला मर्यादा आहेत. सैल केलं तर उरलेल्या आतड्याला रक्त मिळेल, दुखणं थांबेल, भूक लागेल. पण आता एकूण रक्तच इतकं थोडं आहे की मेंदूला फारसं काही उरणार नाही. गुंगीत राहील. बोलणं जाईल. तुम्हाला ओळखेल की नाही, सांगता येत नाही."

अथर्व म्हणाला, "असंच ठेवा."

सानिकानं वळून त्याच्याकडे पाहिलं.

"असंच ठेवा," तो पुन्हा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. "मला ती बोलायला हवीय. हात जोडतो, सानिका. माझ्या वाट्याला ती आत्ता कुठे आली. मला तिचा आवाज हवाय."

"तिला कळेल, अथर्व. आपण मरतोय हे तिला कळेल. ती आपल्याला विचारेल."

"मी सांगेन काहीतरी."

"तुझं खोटं तिला पटेल?"

तीन वर्षांपूर्वी याच टेबलापाशी दोघांनी आजच्या नेमकं उलट मागितलं होतं. ते दोघांनाही आठवलं असेल, पण कुणी त्याचा विषय काढला नाही. सानिकाला वाटत होतं की आपण उठून बाहेर पडावं आणि पुढे काही ठरवूच नये. पण घरी वेणूनं दुखण्याचं माप शंभर आकड्यांत सांगितलं होतं, आणि ते आकडे तिच्या डोक्यात थांबत नव्हते.

"सैल करा, डॉक्टर," ती म्हणाली.

अथर्वनं कपाळ टेबलावर टेकलं. खूप वेळानं, मान वर न करताच, त्यानं होकार दिला.

दोन दिवस त्यांनी मागून घेतले. त्या दोन दिवसांत अथर्वनं वेणूला कृष्णेच्या घाटावर नेलं, तिथल्या होड्या दाखवल्या, आणि तिच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. तिचं बोलणं त्यानं फोनवर उतरवून घ्यायला सुरुवात केली आणि थोड्या वेळानं आपणच बंद केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात जाण्यासाठी सानिका तिची वेणी घालत होती. डोक्यावर केस दाट होते. अंगावरचं काहीही वाढलं नसलं तरी ते वाढले होते.

"आज कडं सैल करणार?" वेणूनं विचारलं.

"हो."

"मग पोट दुखणार नाही?"

"नाही दुखणार."

"मग चांगलंय." "पण तू रडलीस. चांगलंय तर का रडलीस?"

सानिकानं रबर लावायला उगाच वेळ लावला. "कडं सैल झालं की तुला झोप येईल खूप. मग आपल्याला फार बोलता येणार नाही."

"मला शब्द सापडणार नाहीत?"

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दाराआडून ऐकलं असेल, किंवा तिचं तिनंच जुळवलं असेल.

"कदाचित नाही सापडणार," सानिका म्हणाली.

वेणूच्या कपाळावर ती बारीक आठी पडली. "मग तू बोल," ती म्हणाली. "मी नुसती ऐकेन. तू दमू नकोस हं."

चुंबक फिरवायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

वेणू त्यानंतर सात आठवडे जगली. एका सकाळी ऊन अंगावर घेत अथर्वच्या खांद्यावर झोपलेली असताना तिचं हृदय थांबलं; त्याला ते लगेच कळलं नाही, तो तिला थोपटत गॅलरीत फिरतच राहिला. त्या सात आठवड्यांबद्दल सानिका पुढे कुणाशी बोलली नाही. शाळेत ती परत गेली, पण पहिलीचा वर्ग तिनं सोडून दिला आणि मोठ्या मुलांचं गणित घेतलं. अथर्वनं तासगावलाच एक खोली घेतली. तो शनिवारी घरी यायचा, आणि मग काही शनिवार यायचा नाही.

पण त्या सात आठवड्यांतली एक दुपार अशी होती. शब्द जाऊन महिना होत आला होता. आधी मोठे शब्द गेले, मग छोटे, मग 'आई' गेलं. सानिका रोज तिच्याशी बोलत होती, सांगितल्याप्रमाणे, दमत नव्हती. वेणू उशीला टेकून बसली होती. गाल किंचित भरले होते. काडीसारखे पाय आता पायांसारखे दिसू लागले होते. नजर समोरच्या भिंतीवर होती आणि तिथेच राहत होती.

अथर्व वाटीत वरणभात कालवून घेऊन आला. त्यानं एक घास तिच्या ओठांना लावला. वेणूनं तोंड उघडलं. चावलं, गिळलं. त्यानं वाट पाहिली. चेहरा जरासुद्धा आक्रसला नाही. तिनं पुन्हा तोंड उघडलं.

"हिला कळतंय का मी कोण आहे?" त्यानं विचारलं.

"नाही," सानिका म्हणाली.

त्यानं दुसरा घास दिला, मग तिसरा. वेणू प्रत्येक घासाला मन लावून खात होती, घाई न करता, तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर वरण लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं पूर्ण वाटी संपवली. आणि वाटी रिकामी झाल्यावरही तोंड उघडून ती तशीच बसून राहिली.

कुणीही शाब्बास म्हटलं नाही.

"आणखी भात आण," अथर्व म्हणाला. सानिका उठली आणि वाटी घेऊन आत गेली.